परराज्यात राहायला जाण्याआधी वाहनचालक म्हणून आपली नोंद तपासताना

भारतात वाहनचालकाचा सगळा पूर्वेतिहास एका कागदावर लिहून देणारे एकही कार्यालय नाही, ही गोष्ट परराज्यात राहायला जाण्याची वेळ येईपर्यंत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या यजमानांची बदली बेंगळुरूला झाली. तिकडे कंपनीची गाडी मिळण्यापूर्वी भरून द्यायच्या अर्जात लायसन्सच्या प्रतीखालीच ‘मागील पाच वर्षांचे ड्रायव्हिंग रेकॉर्ड’ असा एक रकाना होता. हा रकाना कशाने भरायचा, याचे सरळ उत्तर सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या कुणाकडेही नव्हते. एक जण म्हणाले, आरटीओत मिळेल. दुसरे म्हणाले, पोलिसांकडून आणा. तिसऱ्यांनी विमा एजंटाकडे बोट दाखवले. पुढे सगळे कागद जमवल्यावर कळले, की तिघांचेही थोडे थोडे बरोबर होते. लायसन्सची नोंद ‘सारथी’ या प्रणालीत असते, गाडीची ‘वाहन’ या प्रणालीत, दंडाची ई-चलनात आणि खटला झाला असल्यास न्यायालयात, तर अपघाताच्या दाव्यांची विमा कंपनीकडे. या साऱ्या नोंदींचे मूळ आपण आजवर जिथे राहिलो त्या जिल्ह्यात असते आणि त्यातली चूक तिथेच लवकर दुरुस्त होते, म्हणून हे काम सामान बांधण्याच्या आधी उरकावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण ओळखीपाळखीतून मिळणारा सल्ला इथे हमखास चुकतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १३ प्रमाणे एका राज्यात दिलेले लायसन्स संपूर्ण भारतात चालते. सांगलीचे, म्हणजे एमएच १० चे लायसन्स घेऊन बेंगळुरूत गाडी चालवण्यात बेकायदेशीर काहीच नाही आणि केवळ राज्य बदलले म्हणून नवे लायसन्स काढावे लागत नाही. उलट कलम ६ प्रमाणे एका व्यक्तीला एका वेळी एकच लायसन्स बाळगता येते. त्यामुळे “तिकडे गेल्यावर तिकडचे एक काढून टाका, सोपे पडते,” हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी तो कायदा मोडण्याचा सल्ला आहे. पूर्वी प्रत्येक राज्याची नोंदवही वेगळी होती तेव्हा असे दुहेरी लायसन्स वर्षानुवर्षे लपून राहत असे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २५ अ आले आणि लायसन्सधारकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद झाली. आता अर्ज करताच जुनी नोंद समोर येण्याची शक्यता बरीच वाढली आहे. नव्या राज्यात करायचे असते ते पत्ता बदलण्याचे काम. आणि तिथले कार्यालय त्यासाठी जी नोंद उघडून पाहते ती सांगलीत कधीतरी कुणीतरी संगणकात चढवलेली असते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ती नोंद आपण स्वतः उघडून पाहणे. परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरली की लायसन्सचा तपशील दिसतो. बहुतेक लोक तिथे नाव आणि मुदत पाहून खिडकी बंद करतात, पण वाचण्यासारखे खरे त्याखाली असते. सद्यस्थितीच्या रकान्यात लायसन्स चालू आहे की नाही हे कळते. त्याखाली लायसन्स प्रथम कोणत्या तारखेला आणि कोणत्या कार्यालयाने दिले, त्यावर शेवटची नोंद कधी व कुठे झाली आणि शेवटचे पूर्ण झालेले काम कोणते, हे ओळीने येते. या शेवटच्या नोंदीसाठी वापरलेला ‘एन्डोर्समेंट’ हा शब्द वाचून आमच्या शेजारच्या काकांच्या पोटात गोळा आला होता, कारण त्यांना वाटले की आपल्यावर कुठला तरी गुन्हा चढला आहे. प्रत्यक्षात त्यांनी लायसन्सचे नूतनीकरण केले होते, तेच तिथे दिसत होते. त्यानंतर खासगी आणि व्यावसायिक वाहनांची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते आणि शेवटी कोणकोणत्या प्रकारची वाहने चालवण्याची परवानगी कोणत्या तारखेपासून आहे, याचा तक्ता असतो.

हा शेवटचा तक्ता सर्वांत काळजीने पाहावा. ज्यांचे लायसन्स छोट्या पुस्तिकेच्या काळातले आहे त्यांच्या नोंदी नंतर संगणकात भरल्या गेल्या, आणि त्या भरताना पुस्तिकेवर हाताने लिहिलेला किंवा शिक्का मारलेला एखादा वाहनप्रकार राहून गेल्याची उदाहरणे देशभर आहेत. मोटारसायकल आणि मोटार अशा दोन्हींची परवानगी असलेल्या माणसाच्या नावावर संगणकात फक्त मोटारसायकल दिसते. सांगलीत राहून रोज गाडी चालवताना याने काही अडत नाही. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने लायसन्स पडताळले, की त्या कोऱ्या रकान्याची किंमत लाखांत जाऊ शकते. काही जुनी लायसन्स तर संगणकात मुळी सापडतच नाहीत. ती चढवून घेण्याच्या कामाला आरटीओच्या आवारात सगळे ‘बॅकलॉग’ म्हणतात आणि ते मूळ पुस्तिका, ओळखपत्र व अर्ज घेऊन मूळ कार्यालयातच करावे लागते, कारण पुस्तिकेवरची नोंद खरी आहे का हे ज्या जुन्या रजिस्टरवरून तपासायचे ते रजिस्टर तिथल्या कपाटात असते. बेंगळुरूतल्या कार्यालयाला ते रजिस्टर दिसत नाही; ते फार तर पडताळणीचे पत्र सांगलीला पाठवील आणि उत्तराची वाट पाहील. लायसन्सचा नवा क्रमांक राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक, वर्षाचे चार अंक आणि सात अंकी अनुक्रमांक असा असतो. पुस्तिकेवरचा क्रमांक वेगळ्या धर्तीचा असेल, तर नवा क्रमांक कोणता हेही याच वेळी विचारून लिहून ठेवावे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. मी लायसन्स काढले ते विलिंग्डन महाविद्यालयात शिकत असताना, म्हणजे माहेरच्या नावाने. आधार कार्डावर मात्र सासरचे नाव, यजमानांचे नाव आणि आडनाव असे सगळेच बदललेले. आपल्याकडे लग्नानंतर मुलीच्या नावातले निदान दोन भाग बदलतात, त्यामुळे संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटली तर त्याला दोष देता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने परिवहन विभागाच्या ५८ सेवा आधारच्या पडताळणीवर घरबसल्या देण्याची अधिसूचना काढली, परंतु नाव जुळत नसेल तर त्या वाटेने जाता येत नाही आणि शेवटी कार्यालयाची पायरी चढावीच लागते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडून लायसन्सवरचे नाव आधी बदलून घ्यावे आणि मगच पत्त्याच्या मागे लागावे. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल आणि तुम्ही कर्नाटकात किंवा तेलंगणात जाणार असाल, तर हे काम इथेच उरकण्याला आणखी एक कारण मिळते, हे वेगळे सांगायला नको.

नोंद बरोबर आहे अशी खात्री झाली की तिचा कागद मिळवायचा. संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत स्वतःच्या माहितीसाठी ठीक आहे आणि डिजिलॉकरमधले लायसन्स वाहतूक पोलिसाला दाखवायला मूळ लायसन्सइतकेच ग्राह्य आहे. पण परक्या ठिकाणची कंपनी किंवा विमा संस्था कार्यालयाच्या सहीशिक्क्याचा कागद मागते तेव्हा उपयोगी पडतो तो लायसन्सचा उतारा. सारथीवर महाराष्ट्र राज्य निवडून लायसन्सविषयक सेवांच्या यादीत गेले, की नूतनीकरण, दुय्यम प्रत, पत्ताबदल यांच्याच ओळीत ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’ ही सेवा दिसते. अर्ज आणि शुल्क ऑनलाइन भरून पावती घेऊन कार्यालयात जायचे असते. सातबाऱ्याचा उतारा जसा जमीन कुणाची आणि तिच्यावर बोजा कोणता ते सांगतो, तसा हा उतारा लायसन्स कुणाचे, कशाचे आणि कधीपासूनचे ते सांगतो. ही सेवा फारसे कुणी मागत नाही, त्यामुळे खिडकीवरच्या माणसालाही कधी कधी ती सेवांच्या यादीत दाखवून द्यावी लागते; पावतीवर सेवेचे नाव छापलेले असते, ते पुढे करावे आणि शांतपणे उभे राहावे.

आता मूळ प्रश्न असा, की या उताऱ्यावरून गाडी चालवणारा माणूस कसा आहे हे कळते का? फारच थोडे. कायद्यात त्याची सोय नाही असे मात्र नाही. न्यायालयाने शिक्षा देताना किंवा लायसन्स निलंबित करताना त्याची नोंद लायसन्सवर करण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. कलम २५ असे सांगते, की ही नोंद नव्या किंवा दुय्यम लायसन्सवरही उतरवली जाते, म्हणजे लायसन्स हरवल्याचे सांगून दुसरे काढले तरी डाग सुटत नाही. त्याच कलमात दिलासाही आहे: सलग तीन वर्षे नवी नोंद झाली नाही तर माणसाला स्वच्छ लायसन्स मागण्याचा हक्क आहे आणि नोंद केवळ वेगमर्यादा ओलांडल्याची असेल तर एका वर्षानंतरच आहे, मात्र निलंबनाचा काळ या मुदतीत धरला जात नाही. ज्यांच्या लायसन्सवर अशी जुनी नोंद आहे त्यांना या हक्काची कल्पना क्वचितच असते आणि ते ती नोंद घेऊनच दुसऱ्या राज्यात जातात. २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना आणखी अधिकार दिले. अतिवेग, धोकादायक किंवा नशेत गाडी चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे अशा गुन्ह्यांत लायसन्स ताब्यात घेऊन ते कारवाईसाठी आरटीओकडे पाठवावे, असे कलम २०६ सांगते. तिथे कलम १९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि पुन्हा तसेच घडल्यास लायसन्स रद्द, अशी शिक्षा आहे. निलंबित झालेल्याला लायसन्स परत मिळण्यापूर्वी उजळणी प्रशिक्षणही घ्यावे लागते.

कागदावरची ही व्यवस्था रस्त्यावर उतरताना विरळ होते, कारण आज बहुतांश दंड होतो तो कॅमेऱ्याने, आणि कॅमेऱ्याला दिसते ती नंबरप्लेट. ई-चलन निघते गाडीच्या क्रमांकावर आणि संदेश जातो मालकाला. चालवत कोण होते, याचा त्या चलनाला पत्ता नसतो. परिणामी पुतण्याने पुणे-बेंगळुरू महामार्गावर उडवलेल्या वेगाचा दंड काकांच्या गाडीवर चढतो आणि पुतण्याचे लायसन्स धुतल्या तांदळासारखे राहते. ज्याची स्वतःची गाडीच नाही त्याचा चालक म्हणून इतिहास तर या व्यवस्थेत जवळजवळ उमटतच नाही. दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा तो योग्य माणसाच्या नावावर लिहिला जाणे अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. पण तूर्त व्यवस्था अशी आहे, म्हणून आपल्या नावावरच्या प्रत्येक गाडीची चलने तपासणे हाच एक मार्ग उरतो.

तपासायच्या जागा दोन आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे ई-चलन संकेतस्थळ गाडीचा क्रमांक आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक विचारते. केंद्राच्या परिवहन विभागाचे ई-चलन संकेतस्थळ वेगळे आहे. सांगली-मिरजेकडच्या माणसाने दोन्ही पाहावीत, कारण म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेले की कर्नाटक लागते आणि लग्नकार्यासाठी अथणीला किंवा विजापूरला गेलेल्या गाडीवर तिकडचे चलन निघालेले असू शकते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ऑगस्ट २०२१ च्या तरतुदीप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते. परंतु ती पाठवली जाते वाहन प्रणालीत नोंदलेल्या मोबाइलवर आणि पत्त्यावर, आणि गाडी घेताना शोरूमच्या पोराने घाईत भरलेला क्रमांक आज कुणाच्या खिशात आहे हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून आरसीवरचा आणि लायसन्सवरचा मोबाइल क्रमांक अद्ययावत करणे हे सर्वांत आधी करायचे काम आहे. पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. चलन चुकीचे वाटले तर छायाचित्र उघडून पाहावे आणि तक्रार नोंदवावी. बरोबर असेल तर भरून पावती जपून ठेवावी. आणखी एक इशारा देते: चलन थकल्याचा संदेश व्हॉट्सॲपवर एखाद्या ॲपच्या फाइलसह आला तर ती फाइल उघडू नये. सरकार दंड वसूल करण्यासाठी फाइल पाठवत नाही, चोर पाठवतात.

न भरलेले चलन न्यायालयात गेले असेल किंवा कधी अपघाताचा खटला झाला असेल, तर नोंदीचा तो भाग आरटीओत मिळत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा खटल्याच्या क्रमांकाने शोध घेता येतो. निकाल लागलेला असेल तर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्यावी. निर्दोष सुटलेल्यांनी तर ती आवर्जून घ्यावी. पोलिसांच्या नोंदीत गुन्हा दाखल झाल्याचे लगेच दिसते, सुटल्याचे मात्र कागद दाखवल्याशिवाय दिसत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. लायसन्सवर कधी निलंबनाची कारवाई झाली होती का, हे उताऱ्यावरून स्पष्ट होत नसेल, तर माहितीच्या अधिकारात आरटीओच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे स्वतःच्याच लायसन्सच्या नोंदी मागता येतात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. “माझ्या लायसन्सवर अमुक वर्षापासून आजपर्यंत कलम १९ खाली काही कारवाई झाली असल्यास तिच्या आदेशाची प्रत द्यावी,” एवढे एक वाक्य पुरते. कारवाई झालेली नाही असे लेखी उत्तर आले, तर कंपनीच्या त्या रकान्यात लावायला यापेक्षा चांगला कागद मला तरी सापडला नाही.

हा सगळा खटाटोप माझ्यासारखीला एकदाच करावा लागतो. ज्यांचे पोट स्टिअरिंगवर आहे त्यांना तो वारंवार करावा लागतो. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद परराज्यांत नेणारे कितीतरी चालक पुढे तिकडच्याच वाहतूक कंपन्यांत कायमच्या नोकरीला लागतात. त्यांच्याकडे व्यावसायिक वाहनांची मुदत पाहिली जाते, जी आता पाच वर्षांची असते आणि खासगी वाहनाच्या मुदतीहून वेगळी संपते. बरोबर पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले जाते आणि आधीच्या मालकाचे पत्रही. आमच्या ओळखीच्या एका ट्रकचालकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. अपघात एकही नाही, पण ते दाखवणारा कागदही एकही नाही. त्यांना मी सुचवले, की प्रत्येक मालकाकडून नोकरी सोडतानाच गाडीचा क्रमांक, काम केलेला काळ आणि अपघात नसल्याचा उल्लेख असलेले पत्र लेटरहेडवर घ्या. “मॅडम, मालक पगार देताना कुरकुरतो, पत्र कुठले देतोय!” असे ते म्हणाले आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणवेना.

अमेरिकेतली पद्धत याच्या अगदी उलट आहे आणि सांगली-मिरजेतल्या घराघरांतून मुले तिकडे असल्यामुळे ती थोडी सांगते. तिथे लायसन्स राज्य देते आणि चालकाच्या नावावर प्रत्येक गुन्हा, अपघात व निलंबन राज्याचा मोटार वाहन विभाग लिहून ठेवतो. तो उतारा शुल्क भरून कुणालाही स्वतःचा मागवता येतो. न्यू जर्सीत पाच वर्षांचा उतारा पंधरा डॉलरना मिळतो. माझ्या मावसबहिणीचा मुलगा न्यू जर्सीहून टेक्ससला गेला तेव्हा त्याला आधी हेच करायला सांगितले गेले, कारण टेक्ससमध्ये राहायला आल्यावर नव्वद दिवसांत तिथले लायसन्स आणि तीस दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते आणि नवे लायसन्स घेताना जुने जमा होते. नवे राज्य अर्जदाराचे नाव राष्ट्रीय चालक नोंदवहीत तपासते. त्या नोंदवहीत सविस्तर इतिहास नसतो. निलंबित किंवा गंभीर गुन्हा केलेल्यांची नावे आणि कोणत्या राज्याकडे चौकशी करायची एवढेच तिथे असते. म्हणून एका राज्यातला विसरलेला दंड आणि त्यापायी झालेले निलंबन दुसऱ्या राज्यात लायसन्स अडवते आणि ते सोडवायला पुन्हा पहिल्याच राज्याचे दार ठोठवावे लागते. चालकाची ही माहिती कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये, यासाठी तिथे १९९४ पासून वेगळा केंद्रीय कायदा आहे. पद्धत कडक आहे, पण दंड गाडीचा नसून माणसाचा असतो ही तिची जमेची बाजू मला मान्य करावी लागते.

परत सांगलीत येऊ. विम्याच्या बाबतीत आपल्याकडे चालकाच्या चांगुलपणाचा एकमेव आकडेवारीतला पुरावा म्हणजे नो क्लेम बोनस. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. म्हणून जुनी गाडी इथे विकून तिकडे नवी घेणाऱ्यांनी विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे, ते तीन वर्षे चालते. गाडी सोबत नेणाऱ्यांनी धावपळीत विम्याची तारीख चुकवू नये, कारण मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला बोनस जातो. खासगी मोटारीच्या विम्यासाठी बेंगळुरू ‘अ’ विभागात आणि सांगली ‘ब’ विभागात मोडते, त्यामुळे नोंदणी बदलल्यावर हप्त्यातही फरक पडतो.

गाडी नेण्याचा निर्णय मात्र सर्वांत शेवटी घ्यावा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर कलम ४७ प्रमाणे तिथला क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, ज्याचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो. ते देण्यापूर्वी गाडी चोरीची नसल्याचा पोलीस अहवाल आणि कर भरल्याची खात्री कार्यालयाला करावी लागते. थकलेली चलने आणि कर्जाचा बोजा इथे वर येतात. पतसंस्थेचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण नमुना ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवायचे राहून गेलेले असते. पतसंस्थाच अवसायनात गेली असेल तर तिथला सहीचा अधिकार कुणाकडे आहे हे शोधण्यातच वेळ जातो. ना हरकत एकदा निघाली की गाडीची पुढची कामे नव्या कार्यालयाकडे वळतात, म्हणून मोबाइल क्रमांक, नाव, बोजा आणि चलने हे सारे तिच्या आधी मिटवावे. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या काळाचा परतावा नव्या नोंदणीचा पुरावा दाखवून मागता येतो. त्यासाठी कर भरल्याची मूळ पावती लागते, ती सापडते का हे आताच पाहून ठेवावे.

बदलीच्या नोकरीतल्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच, म्हणजे राज्य बदलले तरी गाडीचा क्रमांक न बदलावा लागणारी ‘भारत’ मालिका आली आहे आणि डिसेंबर २०२२ पासून साध्या क्रमांकाच्या गाडीलाही ती घेता येते. सरकारी नोकर, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र असतात. कर दोन वर्षांचा भरत जायचा. आमचा मुक्काम किती वर्षांचा हे अजून ठरलेले नसल्यामुळे आम्ही गाडीसाठी बीएचचा अर्ज केला, कंपनीचे प्रमाणपत्र नमुना ६० मध्ये घेतले आणि स्कूटर दिरांच्या नावावर करून सांगलीतच ठेवली. कंपनीच्या त्या रकान्यापुढे यजमानांनी लायसन्सचा उतारा, माहिती अधिकारातले उत्तर, दोन्ही संकेतस्थळांवर चलन बाकी नसल्याच्या छापील प्रती आणि विमा कंपनीचे बोनसचे पत्र असे चार प्रकारचे कागद जोडले, आणि तेवढे तिथे मान्य झाले.